सभेच्या दिवशी बंद पडणारी बॅटरी

मालेगाव (जहाँगीर),
४ जानेवारी २०२५

ती. सौ. बेबीआत्यास,
अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि.

काल तुझ्या विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीला नवी लिथियम बॅटरी बसवून आलो, पण सगळे सांगितले की नाही, ही धाकधूक गेली नाही. फोनवर उकंडमामा ‘हो हो’ म्हणतात आणि तेवढ्यात चहा मागवतात, म्हणून लिहून पाठवतो.

जुन्या बॅटऱ्यांचा चार्जर हिला लावू नये, नवाच लावावा. चार्ज करताना खुर्ची चुलीपासून आणि गोधड्यांपासून लांब असावी. तुमच्या गावचा रस्ता पाहून सेल एकमेकांना घट्ट बांधले आहेत. एकही जोड उघडा नाही. बॅटरीच्या अगदी तोंडाशी, सीटखाली मागच्या बाजूला फ्यूज आहे. तारांना हात लावायचा असेल तर आधी तो काढावा. उडाला तर तसाच नवा टाकावा, तांब्याची तार गुंडाळू नये, ही हात जोडून विनंती. ज्यांच्या ई-रिक्षा दुरुस्तीच्या दुकानात मी काम करतो ते हसनैनभाई म्हणतात की तू बॅटरी देत नाहीस, मुलगी सासरी पाठवतोस.

तू ग्रामपंचायतीवर निवडून आलीस त्याला दोन वर्षे झाली. जुनी बॅटरी वाटेतच मान टाकायची, म्हणून एकाही सभेला जाता आले नाही. मंगळवारी तू जाशील आणि मी इकडे जीव मुठीत धरून बसेन.

माया आहेच, थोडी फ्यूजवरही असू दे.

तुझा भाचा,
अश्वजित

९ जानेवारी

चि. अश्वजित यास,
उकंडरावांचा जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या आत्याला आलेले पत्र मी वाचले. घरातली पत्रे नवरा म्हणून मीच वाचतो, तिला त्रास नको. बॅटरी उत्तम आहे, परंतु मंगळवारी सकाळी बंद पडली. लोकशाही खोळंबू नये म्हणून नेहमीप्रमाणे मीच सभेला गेलो. लोकांनी ‘या मेंबरसाहेब’ म्हणून जागा दिली. मी काही मागितली नव्हती. सभा संपवून घरी आलो आणि बॅटरी आपोआप सुरू झाली! तुझी आत्या लगेच विहारात गेली आणि येताना चार घरी बसून आली.

लिथियम म्हणजे निखारा, असे मोबाईलवर पाहिले. तिला काही झाले तर या वॉर्डाकडे कोणी पाहायचे, या काळजीने मला जेवण जात नाही. हल्ली दोनच भाकरी खातो.

आहे तसाच विश्वास ठेव.

तुझा मामा,
उकंडराव

मालेगाव (जहाँगीर),
१३ जानेवारी

ती. उकंडमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

सकाळी बंद आणि दुपारी आपोआप सुरू, हे बॅटरीचे लक्षण नाही. मी प्रत्येक जोडावर, प्रत्येक तारेवर आणि शेवटी स्वतःवर संशय घेतला. थंडीचा दोष म्हणावा, तर थंडी सोमवारीही होती. हसनैनभाई म्हणाले की बॅटरीला वार कळत नाही, माणसाला कळतो. ते असे बोलून चहाला निघून जातात आणि मी विचार करत बसतो.

पुढच्या सभेच्या सकाळी पुन्हा तसे झाले, तर कृपा करून फ्यूज जागेवर आहे का, एवढे पाहून कळवावे. माझ्या कामात खोट असेल तर आत्याच्या जिवाशी खेळ होईल.

रागावलात तरी हक्काने रागवा.

अश्वजित

१२ फेब्रुवारी

चि. अश्वजित यास,
जयभीम व आशीर्वाद.

काल पुन्हा तेच झाले. सभेला मीच गेलो. फ्यूजची चिंता नसावी, तो सभा संपेपर्यंत माझ्या खिशात सुरक्षित असतो. सभेच्या आदल्या रात्री मी आठवणीने काढतो. तारांना हात लावण्याआधी तो काढावा, हे तूच लिहिले आहेस. मग तारांना हात लावायचे राहून जाते, ही गोष्ट वेगळी. तुझ्या सूचना इतक्या मनापासून पाळणारा माणूस तुला दुसरा मिळणार नाही.

उकंडराव

मालेगाव (जहाँगीर),
१४ फेब्रुवारी

ती. सौ. आत्यास,
जयभीम. वि. वि.

हे पत्र किसनसिंग ऑटोवाल्याला तुझ्याच हातात द्यायला सांगितले आहे. सोबत मामांचे पत्र आहे. मोठ्या माणसाविषयी मी काही लिहीत नाही.

रविवारी येतो. फ्यूज बॅटरीपासून लांब नेता येत नाही, म्हणून बॅटरीच फिरवून बसवीन. मग तो पुढे, तुझ्या उजव्या हाताखाली येईल. हसनैनभाई कुलूप लावायला सांगतात. मी लावणार नाही, कारण बॅटरी तापली तर तो क्षणात निघाला पाहिजे. मात्र काढणारा हात तुझा असावा. सभेच्या आदल्या रात्री खुर्ची उशाशी घेऊन झोप, पण चार्जर काढून.

मामांनी विचारले तर काय सांगू? मला खोटे बोलताना घाम येतो.

सांभाळून राहा, तेवढेच मागणे.

अश्वजित

घरून,
१२ मार्च

चि. अश्वजित,
तुले आत्याचा जयभीम.

काल सभेले गेली. हे सकाळपासून खुर्चीच्या मागं वाकून पाहून राह्यले होते. इचारलं का काय हारपलं, तं म्हणे चप्पल. चप्पल पायातच होती. मंग पुढं पयत गेले.

पंचायतीच्या दारात पायऱ्या निंघाल्या. दोन वर्षांत यायनं एकदाबी सांगतलं नाही का तिथं पायऱ्या हायेत. कायले सांगतीन? यायले चढता येते. हे आंदर माह्या जागेवर बसलेबी होते. मी खालूनच आवाज देल्ला का मेंबर बाहीर हाय, सभा बाहीर आणा. आपली सरपंच मोतीबाई मागं चहा गाळत होती, कारण सरपंचाच्या जागेवर तिचा नवरा होता. तिनं गाळणी ठेवली, नवऱ्याले उठवलं अन् आपली खुर्ची घेऊन बाहीर माह्याजवळ येऊन बसली. मंग बाकीच्यायले यावंच लागलं. पायऱ्यांवर उतार बांधाचा ठराव झाला. चहा यायनं वाटला. गोड जास्त झाला होता, पण साऱ्यायनं पेला.

शेवटी सहीचं रजिस्टर आलं. मी सही केली तं ग्रामसेवक अडून बसला. म्हणे ताई, तुमची सही मागच्या सह्यांसंगं जुळत नाही, नेहमीसारखी करा. हे लगबगीनं पुढं आले अन् म्हणे मी दाखवतो कशी करतात ते. मी ग्रामसेवकाले सांगतलं का आता हेच सही पाहून ठेव, अन् पुढच्या खेपीपासून हिच्यासंगंच जुळव.

माया हायच, ते काय लिहून देऊ.

तुही आत्या,
बेबी उकंडराव खिल्लारे
सदस्य, स्वतः