माह्या पोटातलं वारं

मुकुंदवाडी, संभाजीनगर

चि. साळूस,

तुह्या थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, भावजींची शुगर आणि ती मारकी म्हैस, तिघांची तब्येत कशी आहे ते कळव. इकडं नातवंडं झकास. राजनंदिनीचे पुढचे दोन दात पडले, हसली की लई गोड दिसते. (मी दृष्ट काढली आहे, तरी तूबी तिथून थू थू कर.)

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर बोललं की सारं घर कान देतं, आणि विषय माह्या पोटाचा. बाई, पोट फुगून नगारा झालंय. बसलं की गुडगुड, उठलं की ढेकर. परवा भजनात सगळ्याजणी डोळे मिटून गप बसल्या होत्या, तेवढ्यात माह्या पोटानं एकट्यानंच असा सूर लावला की पेटीवाल्या बाईनं आपली पेटी तपासली. आता माह्या लेकानं, पुंजारामनं हुकूम सोडलाय, पोट नीट झाल्याबिगर तुह्या ज्ञानेश्वरीच्या लग्नाला सिल्लोडला जायचं नाय. माह्या सख्ख्या बहिणीच्या नातीची हळद, आणि मी इथं ओव्याचं पाणी पीत बसू व्हय?

उपाय काय कमी केले? ओवा झाला, बडीशेप झाली, काळं मीठ झालं. बेंबीला हिंगाचा लेप लावला तर लेक दारातूनच विचारतो, आज कढी केली का? (कढी नव्हती, आई होती.) शेवटी डॉक्टरकडं नेलं. त्यानं कलिंगड पाहावं तसं माझं पोट वाजवून पाहिलं आणि विचारलं, आजी, जेवता काय? म्हणलं, अर्धी भाकर आणि वाटीभर वरण. खोटं नाय बोलले, माह्या ताटात तेवढंच असतं. त्यानं गोळ्या दिल्या आणि अर्धीची पाव भाकर केली. तरीबी पोट तसंच! आता पाव भाकरीवर माणूस फुगतं का, तूच सांग.

मग सूनबाई सुलेखा पोरांना घेऊन थोडे दिवस माहेरी गेली, आणि पोट आपोआप सपाट झालं. ती परत आली, की पुन्हा नगारा. मला वाटलं, नातवंडांचीच नजर लागती मला. लगेच मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या. सारं घर खोकत अंगणात पळालं. धूर बसला तशी सुलेखा आत आली आणि बघतच राहिली. मी मोरीपाशी उष्टी ताटं घेऊन बसले होते. नातू शिवम जिमच्या नादानं मोड आलेले हरभरे घेतो आणि निम्मे टाकतो, ते. राजनंदिनीचा राजमा. पुंजारामच्या डब्यातली कोबी. सुलेखा म्हणली, "आत्या, हे काय?" म्हणलं, अन्न उकिरड्यावर टाकू का? ती म्हणती, मग डॉक्टरला का नाय सांगितलं? आता काय सांगायचं होतं? ते जेवण थोडंच आहे, ती तर आवराआवर!

तेव्हापासून माह्यावर पहारा आहे. ज्यानं त्यानं आपलं ताट पुसून खायचं, आईनं मोरीकडं फिरकायचं नाय. (पोट उतरलंय, पण ते मी कोणाला बोलले नाय. लई शेफारतील.) पण साळू, राजनंदिनी रोज शेवटचा तुपाचा घास माह्यासाठी ठेवायची. काल तो हातात धरून रडकुंडीला आली, म्हणली, आजी, आता हा कोणाला देऊ? सांग, ह्याच्यावर कुठली गोळी आहे डॉक्टरकडं?

भावजींना नमस्कार, म्हशीला लांबून.

तुझी आक्का,
दगडाबाई

ता. क. पुंजारामला फोन कर. म्हण, आक्काचं पथ्य मी सांभाळते, आमच्या घरी ताटात कोणी शीतसुद्धा टाकत नाय. तुझं ऐकतो तो.

आणखी ता. क. राजनंदिनीनं आत्ताच कंपासपेटीतून अर्धी कचोरी आणून दिली. लेकरानं एवढं जपून आणली, ती जेवणात मोजायची नसते.

अजून एक. लग्नात मला म्हाताऱ्यांच्या पंगतीत नको, लहान पोरांच्या पंगतीत बसव. तिथं बुंदी लई वाया जाती.