बिनकण्याचा जीव आणि आपलं रक्त

दादा, धाकटीचा नमस्कार.

मी खुशाल आहे, पोटभर जेवते, एवढंच आईला वाचून दाखव. पुढचं तूच वाच.

इथे प्रयोगशाळेत आम्हाला, रक्तातली चरबी वाहून न्यायला लावणारं आपलं माणसांचं जनुक वाळूत राहणाऱ्या बोटाएवढ्या, बिनकण्याच्या समुद्री जीवातही सापडलं. त्याच्या आतड्याजवळच्या, यकृतासारख्या पिशवीत ते काम करताना दिसलं, तेव्हा मी नाचलेच! तुलनेसाठी माणसाचं रक्त मीच दिलं होतं.

काल प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "या माणसाच्या जनुकात खोट आहे. चरबी रक्तातच साचते. कुणाचं रक्त हे?"

"माझंच."

बाबा ऐन चाळिशीत जिन्यातच हृदय बंद पडून गेले, ते यामुळेच असणार.

डॉक्टरांनी आजच माझं औषध सुरू केलंय. तूही रक्त तपासून घे, हसण्यावारी नेऊ नकोस. बाबांना सांगणारं कुणी नव्हतं रे.

तुझीच,
चिमणी