गंगूआत्याचं लुगडं नेसून

आरमोरी

प्रिय गंगूआत्या,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपल्यावर पाहुणे ओसरीत बसले आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "कुसुम, आत्याजवळ तूच जास्त राह्यली. तुले बोलता येते. दोन शब्द बोल." मी उठले आणि आत निघून गेले. बाबांना वाटलं, पोरीला रडू आलं. तसं नव्हतं. उभी राहिले असते तर मी फार चांगलं बोलले असते, आणि त्याचीच मला भीती वाटली. म्हणून आज हे लिहिते आहे. इथे निदान मला कोणी बघत नाही.

मॅट्रिक झाल्यावर मी नागपूरला जाते म्हटलं, तेव्हा घरात काय झालं होतं आठवतं? कॉलेजात त्या साली नाटक आणि सिनेमाचा वर्ग नव्यानं निघाला होता. बाबा शाळामास्तर. मुलगी शिकावी असं त्यांनाही वाटे, पण नाटक? आपल्याकडच्या दंडारीच्या खेळात तर बायकांची सोंगंसुद्धा मिशा भादरलेले बाप्येच घेतात. "एकटी पोरगी परक्या गावात, अन् तेही नाटकं कराले?" बाबा म्हणाले. तू चुलीपाशी होतीस. भाताची गंजी उतरवता उतरवता म्हणालीस, "एकटी काऊन? मी जातो तिच्यासंग."

तू बारा-तेरा वर्षांची असताना तुझा नवरा गेला, तेव्हापासून तू या घरात. आपल्यात विधवेचा पाट लावून देतात, पण आजोबांनी तुझा लावला नाही. का लावला नाही, ते मी कधी विचारलं नाही. धान रोवणं, धान कापणं आणि भावाची पोरं वाढवणं यात तुझं वय गेलं. चाळिशी उलटल्यावर तू गाठोडं बांधलंस, वडशाला माझ्यासोबत छोट्या गाडीत चढलीस आणि नागभीडला गाडी बदलेपर्यंत खिडकी सोडली नाहीस.

नागपुरात महाल भागातली ती एक खोली. पहाटे उठून तू माझा डबा करायचीस. खोलीत एकटीचं मन रमेना म्हणून दुपारी कॉलेजात यायचीस आणि वर्गाच्या दाराशी, व्हरांड्यात बसायचीस. आमच्या सरांनी एकदा शिपायाला सांगून तुला सतरंजी दिली होती. लाखोळीच्या डाळीचे वडे आणायचीस, तेव्हा माझी सगळी वर्गमित्रमंडळी तुझ्याभोवती गोळा व्हायची. तीही तुला आत्याच म्हणत.

एकदा सरांनी पडद्यावर सिनेमाचा एक तुकडा दाखवला. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा. एका बाईचा चेहरा सबंध पडदाभर. तू दारातून बघत होतीस. घरी जाताना म्हणालीस, "इतक्या जवळून तं आपण घरच्या माणसाच्या तोंडाकडेही पाहत नाई. त्या बाईले लाज नसन वाटत?" मी हसले आणि क्लोजअप म्हणजे काय ते तुला समजावून सांगितलं. तू विचारलं होतंस भलतंच, आणि मी उत्तर दिलं होतं भलतंच.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आम्हाला एकेकट्यानं करायचा प्रवेश बसवायचा होता. सर म्हणाले, "पुस्तकातून उचलू नका. खऱ्या माणसाकडे बघा." मला लांब जायची गरजच नव्हती.

मी तुझ्याकडे बघायला लागले, आत्या. तू बोलता बोलता हाताची उलटी बाजू कपाळावरून फिरवायचीस, तिथे काही राहून गेलंय का बघितल्यासारखी. हळदीकुंकवाचं तबक घेऊन कोणी आलं, की चुलीवर काही ठेवल्याची आठवण झाल्यासारखी उठून जायचीस. हसायचीस ती नाकातल्या नाकात, लगेच पदर तोंडावर. मी हे सगळं उचललं. तू खालच्या नळावर गेलीस की खोलीत आरशासमोर करून बघायची. जिन्यात तुझी चाहूल लागली की थांबायची. म्हणजे आपण काय करतोय ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

प्रवेश होता धाकट्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या विधवेचा. तिला आपल्या नवऱ्याच्या मरणाचा दिवस आठवतो आणि ती कोसळून रडते. मी तुला म्हटलं, "आत्या, तुझं एक पांढरं लुगडं दे ना, नाटकात लागते." कसलं नाटक, ते तू विचारलं नाहीस. लुगडं धुतलंस, घडी करून उशाखाली दाबून ठेवलंस आणि सकाळी माझ्या हातात देताना म्हणालीस, "चांगलं करजो."

हॉल भरला होता. तू तिसऱ्या रांगेत, माझ्या मैत्रिणींच्या मधे. पडदा वर गेला आणि मी कपाळावरून हात फिरवला. माझ्या वर्गातली एक मुलगी हसली. वाईट हेतूनं नाही, ओळख पटली म्हणून. मग रांगच्या रांग वळून तुझ्याकडे बघायला लागली. मला वरून ते दिसलं. तुझे हात मांडीवर होते. तू ते उचलून पदराखाली घेतलेस.

तिथे मी थांबू शकले असते. प्रवेश तोकडा करून आत जाता आलं असतं. पण लोक माझ्या हातात आले होते, आत्या, आणि ते सुटू नयेत एवढंच मला त्या घडीला वाटत होतं. मी तुझं ते नाकातलं हसणंही केलं. शेवटी धाय मोकलून रडले. टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस मिळालं.

घरी येताना तू टांगा नको म्हणालीस. आपण चालत आलो. बरंच अंतर गेल्यावर तू विचारलंस, "मी अशी कपाळ पुसतो काय?"

"नाही गं, ते नाटकातलं आहे," मी म्हटलं.

"हाव काय," तू म्हणालीस. मग खोलीवर येऊन तू भात टाकलास.

तू चिडली असतीस तर बरं झालं असतं. चार शब्द बोलली असतीस, बाबांना सांगितलं असतंस, तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून तू माझ्यासमोर हात हलवणंच बंद केलंस. बोलताना ते मांडीवर जुळवून ठेवायचीस. कपाळाकडे जाता जाता मधेच थांबवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी तुला तुझ्याच अंगात परकी करून टाकलं होतं.

पुढे मी चांद्याच्या मुलींच्या शाळेत लागले, तू आरमोरीला परत आलीस. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, तुझ्या खोकल्यानं घर धरलं, पण ते हात तसेच. एकदा सुट्टीत मी न सांगता मागच्या दारानं आले. परड्यात तू लाकडाची मोळी आणणाऱ्या त्या गोंड बाईशी बोलत होतीस. ती काय म्हणत होती कोण जाणे, अर्धं गोंडी अर्धं आपलं, आणि तू मोठ्यानं हसत होतीस. तुझे दोन्ही हात हवेत होते. जंगलातलं कुठलंसं झाड केवढं, ते तू तिला दाखवत होतीस. मी पाऊल टाकलं, तू मला पाहिलंस आणि हात खाली आले. त्या बाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. कोण आली ही, असं. मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं होतं.

माफी मागायला मला कितीतरी सुट्ट्या होत्या. प्रत्येक वेळी चांद्याहून तुझ्यासाठी काहीतरी घेऊन यायचे, पेढे, नाहीतर शाल. ते तुझ्यापुढे ठेवायचे आणि तब्येतीचं विचारून उठायचे. त्या शालीवरून तू काय समजायचं?

आणि मग या महिन्यातली ती दुपार. तू अंथरुणावर, मी शेजारी. आई धान वाळत घालायला गेली होती. तू छताकडे बघत म्हणालीस, "कुसमे, तुह्या त्या खेळात तू शेवटी लई रडली."

"हो," म्हटलं.

"मी नाई रडली."

मी तुझ्याकडे वळून बसले.

"मले भूक लागली होती," तू म्हणालीस. "सकाळपासून कोणी चूल पेटवली नव्हती. बाया रडून राह्यल्या होत्या, माह्या बांगड्या फोडून राह्यल्या होत्या, अन् मी वाट पाहत होती का हे थांबतील तं जेवाले मागीन. मले तं त्याचं तोंडही धड ठाऊक नव्हतं. रडू कुठून येईन?"

"मग कधी जेवलीस?"

"सांजेले सासऱ्यानं मुरमुरे देल्ले, पदरात. कोणाले दिसू देऊ नको म्हणे." तुला खोकला आला. तो थांबल्यावर तू माझ्याकडे मान वळवलीस. "दोन साल एका खोलीत राह्यलो आपण. मले वाटे, तू विचारशील. विचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

तुझे हात तेव्हाही पांघरुणातच होते.

आत्या, आता जे लिहिणार आहे ते बाबांना, आईला, कोणालाच सांगता येणार नाही. तू हे सांगत होतीस आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. पण त्याच वेळी मनात दुसरं काहीतरी चाललं होतं. भूक हा शब्द किती हळू म्हणायचा. मुरमुरे घेताना मान कुठे वळवायची. शेवटी रडायचंच नाही, नुसतं चावत राहायचं, म्हणजे हॉलमधे टाचणी पडली तरी ऐकू येईल. तू शेवटचे श्वास मोजत होतीस आणि मी तुझ्या शेजारी बसून प्रवेश बसवत होते. एवढं घडूनही माझ्यातलं ते गेलं नाही. नागपूरची मी कोवळी होते, अक्कल नव्हती, असं म्हणता येईल. या महिन्यातल्या मला काय म्हणायचं?

तुझ्याजवळ माफी मागायला आता तेवढी एकच दुपार उरली होती. मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि पाणी आणायला गेले. चौथ्या दिवशी तू गेलीस.

शाळेत मी मुलींची नाटकं बसवते, तुला ठाऊक आहे. ते मी सोडणार नाही. सोडलं तर ते तुझ्यासाठी होणार नाही, लोकांना माझं दुःख दिसावं म्हणून होईल. पण एक शब्द देते. तुझी भूक मी कधी कोणाला करून दाखवणार नाही. शाळेत नाही, नागपूरला नाही, एकटी असले तरी आरशासमोर नाही. सगळ्यांना आवडेल, मला ठाऊक आहे. म्हणूनच नाही. लुगडं मी तुझ्याकडून मागून नेलं होतं. ही गोष्ट तू आपणहून मला एकटीला सांगितलीस, ती माझ्याजवळच राहील.

तुझी,
कुसुम