आत्याच्या टाकीतले चपटे

२ मार्च, शनिवार

आले एकदाची! आत्याने दारातच मिठी मारली आणि बॅग माझ्या हातातून हिसकावूनच घेतली. मी नोकरी सोडून घरी बसले तेव्हापासून बाबांनी अबोला धरला होता, आणि वहिनी उठता-बसता टोमणे मारत होती. एकटी आत्या फोनवर म्हणाली, की तिथे कुढत बसू नकोस, माझ्याकडे ये, मला मदतीला हक्काचं माणूस हवंच आहे. हक्काचं माणूस! मला रडूच कोसळलं.

वरची खोली माझी. चादर नवी, उशी नवी, खिडकीतून समोरचं रंगाचं दुकान दिसतं. धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या टिल्लीला, लगेच फोटो पाठवले. ती जळून खाक.

खालच्या खोलीत भिंतभर काचेच्या टाक्या आहेत. आत्या त्यांत शोभेच्या कोळंब्या वाढवते आणि हौशी लोकांना विकते. नखाएवढा जीव, लालबुंद. दिवसभर शेवाळ चिवडतात आणि एकमेकींना कोपरखळ्या मारतात. बघता बघता माझा चहा गार झाला.

५ मार्च, मंगळवार

मोठ्या टाकीला कीड लागली आहे. काचेवर पांढरे, चपटे, टोकदार डोक्याचे किडे सरपटतात. आत्या त्यांना नुसतं ‘चपटे’ म्हणते. कोळंबीची पिल्लं फस्त करतात मेले. मी मोठ्या तोऱ्यात ब्लेड घेऊन काच खरवडायला गेले आणि काही कापलेसुद्धा. आत्याची हसून हसून पुरेवाट झाली. चपटा कापला की दोन्ही तुकड्यांचे दोन किडे होतात म्हणे. म्हणजे मी आल्या आल्या शत्रूची फौज वाढवली. पण ती रागावली नाही. बाबा असते तर वर्षभर ऐकवलं असतं.

औषध का टाकत नाहीस, असं विचारलं. तर औषध वाळूत मुरतं, गोगलगायी मरतात, तिचा त्यावर विश्वास नाही. माझं काम सोपं आहे. रोज सकाळी कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि शेवाळ सावरायचं, सावकाश, अजिबात घाई न करता. हातमोजे नकोत, त्यांची पावडर कोळंब्यांना सोसत नाही. पाणी छान कोमट असतं.

११ मार्च, सोमवार

काच लख्ख! शोधूनही चपटा सापडत नाही. आत्याने माझा गालगुच्चा घेतला, म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे. बाबांना फोन करूनही तेच सांगितलं. मी दाराआडून सगळं ऐकलं. इतकं कौतुक माझं कुणी केलेलं मला आठवत नाही.

उजव्या तळहाताला जरा खाज सुटते. आत्याने मलम दिलंय. ते लावलं की हात बधिर होतो आणि झोप छान लागते.

१५ मार्च, शुक्रवार

खाज मनगटाच्या वर चढली आहे. जिना चढताना धाप लागते. आरशात चेहरा पांढराफटक दिसतो. डॉक्टरकडे जाते म्हटलं, तर आत्या म्हणाली, पाणी बदललं की होतंच असं. दुपारी तिने मला स्वतःच्या हाताने भरवलं, लहानपणासारखं. किती करते ती माझ्यासाठी.

१७ मार्च, रविवार

आज मलम लावायला विसरले. म्हणून कळलं.

कातडीखाली काहीतरी सरकतं. हात खिडकीशी, उजेडात धरला. मनगटाच्या आत, शिरेच्या कडेकडेने — पांढरं, चपटं. त्याने टोकदार डोकं वळवलं आणि कोपराकडे निघालं. मागे आणखी होते.

ब्लेड उचललं. परत ठेवलं. कापून काय होतं ते मला माहीत आहे.

१८ मार्च, सोमवार

आत्याला हात दाखवला. वाटलं, किंचाळेल. तिने चष्मा लावला आणि हात उलटासुलटा करून पाहिला, भाजी घेताना बघतात तसा. मग शांतपणे म्हणाली, की त्यांनी टाकी सोडावी म्हणून त्यांना दुसरं काहीतरी ऊबदार द्यावं लागतं. परक्याच्या पोरीला असं काम कसं सांगणार? घरचंच माणूस हवं.

तिला म्हटलं, दगा दिलास तू मला. बाबा काहीही बोलले तरी निदान तोंडावर बोलायचे. तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले! इतकं प्रेमाने ठेवलं तुला, म्हणाली. जाताना बाहेरून कडी घातली.

२० मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा माझं ऐकत नाही.

फोन आत्याकडे. माझ्या नावाने टिल्लीला निरोप पाठवते. मला वाचूनही दाखवले, कौतुकाने. मी मजेत आहे म्हणे. दुसऱ्या टाकीतही कीड — टिल्लीला बोलावलंय. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ती —

आत्याच्या पाया पडले. तिने माझे केस विंचरून दिले.

२१ मार्च

खिडकी उघडत नाही. आवाज फुटत नाही — घशात काहीतरी, गिळलं तरी जात नाही. टिल्ली आली की पायाने जमीन बडवीन. तेवढं जमेल. तेवढं तर —

शुक्रवार असेल

रस्त्यावर टिल्ली. हसतेय. आत्याने मिठी मारली तिला —

पाय हलत नाहीत. दोन्ही —

जिन्यावर पावलं. दोघींची. दाराशी. आत्या म्हणाली, ताईला आत्ताच डोळा लागलाय. टिल्ली अगदी हळू आवाजात म्हणाली, मग झोपू दे तिला, नको उठवूस, मी करते तुला मदत —

उतरल्या.

जागी आहे गं मी. टिल्ले, मी जा