कानामागचं यंत्र व इतर चीजवस्तू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, छापखान्यातला निवृत्त मशीनमन, सोबत्यांत 'बहिरोबा' या नावाने प्रसिद्ध, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता माझ्या पश्चातची व्यवस्था येथे लिहून ठेवतो. कान गेले आहेत, डोकं जागेवर आहे. वकिलांनी एक नमुना दिला होता, त्यात स्थावर आणि जंगम असे दोन रकाने होते. माझं सगळं किडुकमिडुक त्यात बसलं, एक गोष्ट बसेना. ती कलम पाचमध्ये आहे आणि माझ्या मुलीसाठी आहे. तिने माझ्यामुळे नऊ वर्षं एक चूक आपल्या डोक्यावर घेतली आहे. ती चूक तिची नाही. हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मुलीला. जावयांनी न्हाणीघर पाडून नवीन बांधावं. मला त्या फरशीवर नऊ वर्षांत धड उभं राहता आलेलं नाही. अंघोळ करतो ती चोरासारखी, भिंतीला धरून.

कलम २. छपाईचं भिंग जावयांना. छापखान्यात मी यातून शाईचे ठिपके तपासायचो, आता औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचतो. जावई माणूस सोन्यासारखा, पण समोर येईल त्या कागदावर न वाचता सही ठोकतो. भिंग त्याच्या शर्टाच्या खिशात राहावं, कपाटात नाही.

कलम ३. धाकट्या भावाला काही नाही. माझा ट्रान्झिस्टर तो पंचवीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांत आणून देतो दादा' म्हणून घेऊन गेला, तो त्याचाच समजावा. मात्र 'दादाची आठवण म्हणून जपलाय' असं चारचौघांत सांगत फिरू नये.

कलम ४. दाराची दिव्याची घंटा शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंना. ही मी स्वतः केली. बाहेर बटण दाबलं की माझ्या खुर्चीवर तांबडा दिवा लागतो. ताई दिवसभर शिलाई मशीनवर असतात, त्यांनाही दार वाजलेलं कळत नाही. एक सांगून ठेवतो, कधीकधी दाराशी कोणी नसताना दिवा लागतो. वायरमन म्हणाला, ओल आली असेल. भर उन्हाळ्यात पुन्हा बोलावला, तर म्हणाला, "आता काय सांगू काका!" आणि चहाही न घेता गेला.

कलम ५. कानामागचं यंत्र.

तीस वर्षं छापयंत्राशेजारी काढली, कान कामातून गेले. हे यंत्र आलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "चला, आता बहाणे संपले." ती मला हाक मारायची ती 'अहो, ऐकलं का?' अशी. सगळ्याच बायका मारतात, पण ठार बहिऱ्या नवऱ्याला ही हाक म्हणजे शेजारपाजाऱ्यांची करमणूक. तीही हसायची. यंत्रामुळे मला पुन्हा कढईतली फोडणी ऐकू आली, नळ गळताना ऐकू आला, ती झोपेत पुटपुटते हे कळलं. सकाळी चष्म्याआधी मी हे घालत असे.

पण यंत्राला एक सोय आहे. सेलचं इवलंसं दार नखाने उघडलं की ते बंद होतं. भांडण वाढलं की मी कान खाजवल्यासारखं करून ते दार उघडायचो आणि शांतपणे मान हलवत बसायचो. तिला ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. "केलंत का दुकान बंद?" म्हणायची. ओठांवरून एवढं मला समजायचं.

त्या दिवशी सकाळी मी मिक्सर दुरुस्त केला आणि एक स्क्रू उरला. ती स्क्रू तळहातावर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हा उरला म्हणजे मिक्सर बरा झाला का आणखी बिघडला?" मी म्हटलं, "तुला कळतंय का त्यातलं काही?" शब्दाने शब्द वाढला. मी तिच्या डोळ्यांदेखत कानामागे हात नेला आणि दार उघडलं. ती काहीतरी बोलली. यावेळी ओठ वाचायला मी मान वर केली नाही. ती कपडे धुवायला न्हाणीघरात गेली. मी पाठ करून पेपर वाचत बसलो.

पाऊण तासाने तांबडा दिवा लागला. दारात ताई होत्या, मला ढकलून आत धावल्या. ती पडली होती. यंत्र अजून बंदच होतं, डॉक्टरांच्या ओठांवरून कळलं, अर्धा तास आधी आणली असती तर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला ऐकू कसं नाही आलं?" माझ्या तोंडून गेलं, "सेल संपला होता."

मुलगी खाली बाकावर बसली. गुरुवारी सेल आणते म्हणाली होती, शाळेच्या परीक्षांमुळे राहून गेलं होतं. हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही, तिला आठवलं. 'तुझी चूक' असं मी कधी म्हणालो नाही. 'तुझी चूक नाही' असंही म्हणालो नाही.

खरं हे आहे, पोरी. सेल संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ते दार बंद केलं, यंत्र नेहमीसारखं टुंग टुंग वाजलं आणि त्याच सेलवर मी सहा दिवस भेटायला येणाऱ्यांची बोलणी ऐकली. 'सुटली बिचारी' हेसुद्धा.

तेव्हापासून तू दर महिन्याला सेल आणतेस. उशीखाली, कोटात, साखरेच्या डब्यामागे, घरभर सेल आहेत. परगावच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन जायचं सोडलंस, का, तर बाबांकडे कोण बघणार. मी बघत राहिलो. माझ्यासारखा भेकड शोधून सापडायचा नाही.

आणि यंत्र काढलं की ती हाक मारते. यंत्र घातलेलं असताना कधीच नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकू न येणारे कान आपले आपण आवाज काढतात. मी विचारलं, आवाज 'अहो' म्हणतात का? डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. म्हणून मी यंत्र घालूनच झोपतो. माझ्यानंतर ते कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर जाळावं.

कलम ६. उरलेले सेल कानाच्या दवाखान्यात गरजूंना वाटावेत. मुलीने ती शाळा पुन्हा मागून बघावी.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी ताईंना वाचायला दिला. त्यांनी कागद परत केला. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर तिने वाचायचं? मग ती भांडणार कोणाशी?" आणि सही करेनात.

म्हणून आज दुपारी मुलीला बोलावलं. दोन्ही साक्षीदारांसमोर कलम पाच मी स्वतः वाचून दाखवलं, मोठ्याने. तिने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचला. मी कानामागे हात लावून बघितलं. यंत्र चालू होतं.

मग तिने विचारलं, "आईने किती हाका मारल्या?"

मला माहीत नाही. मी तसंच सांगितलं. मग तिने ताईंकडे पाहिलं. त्या दिवशी शिलाई मशीन थांबवल्यावर भिंतीपलीकडून त्या हाका त्यांनी ऐकल्या होत्या. नऊ वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नाही, आजही विचारू शकलो नाही. ताईंनी खाली मान घातली आणि सही केली.

लिहून ठेवणार: (सही) मुलीचा बाप
साक्षीदार १: (सही) शेजारीण, शिवणकाम
साक्षीदार २: (सही) घरचे डॉक्टर
ठिकाण: राहत्या घरी, बाहेरची खोली
दिनांक: १९ फेब्रुवारी, दुपारी सव्वाचार