मशीनचा पाय पाण्यात

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (हल्ली रोज सकाळी पाण्यात पालथा पडत असल्याने हा नुसता लिहिण्यापुरता नाही.) तुमची कंबर आता कशी आहे? ताईला सांगा, तिचे दोन्ही ब्लाऊज तयार आहेत, हातशिलाई तेवढी राहिली आहे. (ती मागच्या पत्रातही राहिली होती, हे ती लक्षात आणून देईलच.)

तुमच्या कानावर काही आलं असेल, तर त्यातलं निम्मं खोटं आहे. पुढल्या रविवारी आमच्या पोहण्याच्या तलावावर बाप-लेकरांची शर्यत आहे. लेकराने पोहत यायचं, टोकाला थांबलेल्या बापाला शिवायचं, मग बापाने पोहत परत जायचं. धाकटीला भाग घ्यायचा होता आणि आमची ही म्हणाली, दाजींना बोलवू, त्यांनी पदकं मिळवली आहेत. आता घरात धडधाकट बाप असताना आत्याच्या यजमानांना कशाला त्रास? मी म्हटलं, मी उतरतो. पोहता येत नव्हतं हा मुद्दा गौण होता, तेही शिकलो. हात तर माझे इतके सुरेख चालतात, की शिकवणाऱ्या बाई काम थांबवून बघतात (ही म्हणते, काळजीने बघतात).

प्रश्न फक्त पायांचा. फ्रीस्टाइलमध्ये पाय मांडीपासून हलवायचे, गुडघे जेमतेम वाकवायचे, चवडे मागे ताणायचे आणि घोटे सैल सोडायचे. बाईंनी हातात फळी दिली, नुसते पाय मारा म्हणाल्या. मी जीव तोडून मारले. मान वर करून पाहतो तर समोरची भिंत लांब गेलेली. थोड्या वेळाने पाय मागच्या भिंतीला लागले. दाजी, मी उलटा जात होतो. शेजारी पोहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी तर अदबीने वाट सोडली, त्यांना वाटलं ही पोहण्याची एखादी वेगळी पद्धत असावी. (मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.)

कारण मीच शोधलं. अर्धं आयुष्य पायाचं मशीन चालवलं. टाच दाब, चवडा दाब. घोटा काटकोनात असा घट्ट बसलाय, की पाण्यातही शिलाईच घालतो. मग मी दुकानातच सराव सुरू केला. मशीनवर बसून घोटे सैल सोडले, चवडे ताणले. मशीन उलटं फिरलं, दोरा गुंतला, आणि तो सोडवण्याच्या नादात बँकेतल्या साहेबांच्या पँटचा एक पाय खालून बंद शिवला गेला. साहेब घाईत होते, त्यांनी ती घालून पाहिली आणि आरशासमोर एका पायावर बराच वेळ नाचले. थोडक्यात, सध्या मी पाण्यात मशीन चालवतो आणि मशीनवर पोहतो.

तरी काळजी नसावी. सुधारणा झपाट्याने होते आहे. काल फळी धरून पाय मारले तेव्हा मी अजिबात मागे गेलो नाही. (पुढेही गेलो नाही, पण मधला टप्पा म्हणून हे वाईट नाही.) तेव्हा तुम्ही येण्याची तसदी मुळीच घेऊ नये.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. तसदी घेतलीत तर हरकत नाही. येताना पोहण्याचे कपडे आणा. धाकटीने सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलंय की बाबा उतरणार. मी सगळ्यांदेखत तिथल्या तिथे फेस काढत राहिलो, तर पोरीला मान खाली घालावी लागेल. मला त्याचीच भीती वाटते. म्हणून ऐनवेळी माझ्या पोटात दुखेल आणि तुम्ही उतराल, असं ठरवून टाकू.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायला धाकटीकडे दिलं, तर तिने पत्र वाचलं. वरचा ता. क. रद्द समजावा. काकांनी, म्हणजे तुम्ही, नुसतं बघायला यावं म्हणते, पोहणार बाबाच. बाकीची मुलं बापाला शिवून झालं की काठाने पळत पलीकडच्या टोकाला जातात, बापाला घ्यायला. धाकटी जाणार नाही. "मी तुझ्या मागेच थांबते," म्हणाली, "उलटा आलास तर माझ्याकडेच येशील."