क्वीन साइज, फर्म, प्लास्टिकसकट

शनिवार, २ सप्टेंबर २००६, सकाळी १०.४०
टेपने बेडरूम मोजत होतो, आकडे लिहायला कागद हवा होता, म्हणून ही वही काढली. खोली दहा फूट चार इंच बाय अकरा. आता काढलीच आहे तर सगळं नीट लिहून ठेवायचं.

परिस्थिती अशी. ऋता आणि गिजू (गिरिजा, वय साडेपाच) तीन आठवडे पार्सिपनीला ऋताच्या भावाकडे, सत्यजितकडे आहेत. कारण गादी. दुसरं काहीही नाही.

जुलैमध्ये मी आणलेली गादी जवळजवळ नवीन होती. दोन बिल्डिंगा पलीकडे कोणीतरी रस्त्याच्या कडेला ठेवली होती. आमच्या एडिसनमध्ये निम्म्या लोकांचे सोफे असेच आलेत. ऋताला उगाच किळस वाटली असती म्हणून सेलमध्ये घेतली असं सांगितलं. त्यात ढेकूण निघाले हा ज्याने टाकली त्याचा दोष. गिजूच्या पाठीवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी विचारलं, गादी कुठून आणली. मी दुकानाचं नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं.

हे तिथेच मिटलं असतं. पण गादी वर चढवायला हात लावणारे शेजारचे उल्हासकाका ऋताला लिफ्टमध्ये भेटले आणि म्हणाले, काय, फुकटच्या गादीवर झोप लागते का?

जाताना ऋता म्हणाली, गादीचं सोड रे, तू डॉक्टरसमोरसुद्धा खोटं बोललास. म्हणजे विषय गादीचाच आहे.

ढेकूण मारणारे येऊन गेले. जुनी गादी गेली. आता संकल्प: एक, उत्तम नवीन गादी. दोन, गिजूला सुरक्षित बेड. तीन, खोटं बोलायचं नाही. पहिले दोन झाले की तिसऱ्याची गरजच पडणार नाही.

सोमवार, ४ सप्टेंबर
लेबर डेचा सेल. रूट वनवरच्या दुकानात बूट काढून अकरा गाद्यांवर झोपून पाहिलं. प्रत्येकीवर दहा मिनिटं. डावीकडे झोपलो, कारण उजवी बाजू ऋताची. सेल्समनने विचारलं, मिसेस येणार आहेत का? म्हटलं, ती भावाकडे आहे, चार दिवस. शिवाय तिला कशी गादी आवडते ते मला माहीत आहे.

मग खात्री वाटेना. बाहेर जाऊन फोन लावला. सत्यजितने उचलला. म्हणाला, ताई शाळेचे फॉर्म भरतेय. मी विचारलं, तिला गादी कडक आवडते की मऊ?  तो म्हणाला, प्रल्हाद, लग्नाला सात वर्षं झाली ना तुमच्या?

म्हणजे त्यालाही माहीत नाही. फर्म घेतली.

गिजूसाठी ट्विन, म्हणजे एकेरी बेड, बाजूला कठडा. बंक बेड सेल्समनने दोनदा दाखवला, मी दोनदा नाही म्हटलं. गिजू झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. कठड्याच्या दांड्यांमध्ये साडेतीन इंचांपेक्षा जास्त फट नको. टेप लावला: सव्वातीन. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला खरा, पण वर्कशॉपमध्ये मोजमापाला मला पैकीच्या पैकी होते.

डिलिव्हरी नऊ तारखेला देत होता. आठपासून पितृपक्ष. नवा पलंग पितृपक्षात घरात आणायचा आणि वर त्यावर संसार चालवायचा, हे मला पटत नाही. तेवीस तारीख घेतली, घटस्थापना. त्याने कारण विचारलं. म्हटलं, पूर्वज. त्याने फॉर्मवर काहीतरी दुसरंच लिहिलं.

गुरुवार, ७ सप्टेंबर
गिजूची शाळा पार्सिपनीत सुरू झाली. मी काम करतो त्या किराणा दुकानात ऋताचा फोन आला. म्हटलं, बरं केलंस, पंधरा दिवस कशाला बुडवायचे, तेवीसनंतर इकडच्या शाळेत घालू. ती म्हणाली, अरे, शाळेला पत्त्याचा पुरावा लागतो. मी म्हटलं, सत्यजितचा दिला असशील. ती म्हणाली, त्याबद्दलच बोलायचंय तुझ्याशी.

तेवढ्यात काउंटरला गर्दी झाली. मालक राजेशभाई खुणा करायला लागले की बाई लोक कढीपत्ता घेऊन उभ्या आहेत. रात्री करतो म्हटलं. केला नाही. तिची झोपमोड होते. पाठ आधीच दुखत असणार, सत्यजितकडे सोफा-बेड आहे, मधला दांडा टोचतो.

बुधवार, १३ सप्टेंबर
उल्हासकाका आले. लिफ्टच्या प्रकारापासून ओशाळलेले असतात, येताना काहीतरी आणतात. आज थालीपीठ. रिकामी खोली पाहून म्हणाले, गादी आली की बायको येते हे कुठल्या शास्त्रात वाचलंस? चल, मी ड्राइव्ह करतो, पाऊण तासात पार्सिपनी.

म्हटलं, तेवीसला डिलिव्हरी आहे काका, मोकळ्या हाताने कसा जाऊ?

काका म्हणाले, तुझी काकू, शैलजा, एकदा रागावून बहिणीकडे बफेलोला गेली होती. बाहत्तर साल. मी मिळेल ती बस पकडली. हातात पिशवीसुद्धा नव्हती. दारात उभा राहिलो आणि चुकलो म्हणालो. एवढंच.

मी विचारलं, पण तुमच्या घरी तेव्हा पलंग व्यवस्थित होता ना?

काकांनी चहा संपवला आणि गेले. माझा मुद्दा त्यांना पटलेला दिसला.

सोमवार, १८ सप्टेंबर
ऋताचे दोन मिस्ड कॉल. एक मेसेज. ऐकलेला नाही. अशा गोष्टी समोरासमोर बऱ्या. गादी आल्यावर ऐकेन.

आज गिजूच्या बेडसाठी चादर घेतली. गुलाबी, फुलपाखरांची. जांभळीही होती. गिजूला सध्या कोणता रंग आवडतो ते विचारायचं राहिलं.

शनिवार, २३ सप्टेंबर
बारा ते चार म्हणाले, साडेपाचला आले. दोघं जण, भराभर जोडून गेले. मी सगळे स्क्रू पुन्हा आवळले. गिजूच्या कठड्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही. दोन्ही पलंगांना हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

क्वीनचं प्लास्टिक काढलं नाही. दोन कारणं. एक, प्लास्टिक शाबूत असेल तर तीस दिवसांत पूर्ण पैसे परत. दोन, पहिल्यांदा ऋतानेच काढावं. मी जमिनीवर झोपेन, सवय झाली आहे.

ऋताला फोन केला. उद्या या म्हटलं. ती म्हणाली, येणारच होते, थंडीचे कपडे न्यायचेत. बघा, स्वतःहून येणार होती.

रविवार, २४ सप्टेंबर
आल्या.

गिजू आल्याआल्या बेडवर चढली. इट्स सो हाय, बाबा. मी कठडा दाखवला, फट दाखवली. ती म्हणाली, आय नो हाऊ टु स्लीप, बाबा.

ऋता आमच्या पलंगाच्या कडेला बसली. उजव्या बाजूला. प्लास्टिक करकरलं. तिने विचारलं, हे अजून का आहे? मी रिटर्न पॉलिसी सांगितली. तीस दिवस, पूर्ण पैसे.

ऋता हसायला लागली. जुलैनंतर पहिल्यांदा. मला बरं वाटलं, मीही हसलो. मग ती थांबेचना. डोळे पुसून म्हणाली, अरे, आम्ही यायच्या आधीच तू परत करायची सोय करून ठेवलीस?

मी म्हटलं, तसं नाही, पहिल्यांदा तू काढावंस म्हणूनही ठेवलंय.

हे खरं होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं ते लिफ्टमध्ये काका भेटले त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी पुन्हा सांगितलं, खरंच. ती म्हणाली, असेलही रे. मला आता ओळखता येत नाही.

मग विचारलं, मेसेज ऐकलास? नाही म्हटलं. मग तिने तोंडीच सांगितलं. शाळेजवळ वन बेडरूम घेतलंय. लीजवर सही झाली. एक तारखेपासून. सत्यजितने ॲडव्हान्स भरला. तिच्या बँकेतल्या नोकरीची तिकडच्या ब्रँचला ट्रान्सफरही झाली.

विचारलं, लीज किती? एक वर्ष. विचारलं, आणि वर्षानंतर? ती गिजूच्या स्वेटरच्या घड्या घालत होती. बाह्या आत, मग मध्ये दुमडायचं. चार स्वेटर होते. चारही झाले.

मग म्हणाली, गिजूला बेड आवडलाय, नेला तर चालेल? पैसे देते. मी म्हटलं, पैसे कसले. तिने तरी चेक लिहिला.

शनिवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६
सकाळी सत्यजितची व्हॅन आली. गिजूचा बेड मी स्वतः सोडवला. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी. कठडा भिंतीकडे नाही, मोकळ्या बाजूला, हे सत्यजितला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, हो भावोजी. एरवी प्रल्हाद म्हणतो.

ऋता पुढच्या सीटवर. उतरली नाही, पण काच खाली होती. मी म्हटलं, तुला गादी कडक आवडते ना? ती म्हणाली, मऊ. मग म्हणाली, जेवत जा वेळेवर.

गिजूने मागून विचारलं, बाबा, व्हेअर विल यू स्लीप इन अवर न्यू हाऊस? ऋता म्हणाली, गिजू, बेल्ट लाव. मी बाहेरून हात घालून बेल्ट लावला. ओढून पाहिला. घट्ट होता.

हिशोब
ढेकूणवाले: ३८० डॉलर. रोख दिले.
गिजूचा बेड, गादी आणि कठड्यासह: २६०. रोख दिले.
डिलिव्हरी: ४०. दिले.
क्वीन, फर्म, पलंगासह: ५४९. स्टोअर कार्डवर. सगळं देणं.
एकूण १२२९. पैकी दिले ६८०, देणं ५४९.
ऋताचा चेक २६०. बँकेत टाकणार नाही, म्हणून धरला नाही.
चादर, फुलपाखरांची: १४. नवी म्हणून सकाळी धुवायला टाकली होती, ती खाली लॉन्ड्रीत ड्रायरमध्येच राहिली. आत्ता घेऊन आलो. कोणत्या रकान्यात लिहावी कळत नाही.